नाव घेत न्हाई मी, पर…

"आलाय व्हय शिकवून? किती जणं लिवाय लागली?"

फाटकाची कडी लावायच्या आधीच भिंतीपलीकडून सवाल आला. आमच्या आणि आक्कांच्या घरांमधे कमरेएवढी दगडी भिंत आहे. मधला एक दगड कधीचाच निखळलाय. तो बसवायला दोन्ही घरांनी मिळून गवंड्याला तीनदा बोलावलं आणि तिन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणून परत पाठवलं, कारण त्या भोकातून आमटीची वाटी बरोबर जाते. गावातल्या बातम्या मात्र भिंतीवरून जातात. त्यांना भोक पुरत नाही.

मार्च संपत आलेला. या दिवसांत तासगावात कुणाच्याही दारात जा, बोलणं आभाळापासूनच सुरू होतं. रानात द्राक्षांच्या बागा उतरायला आलेल्या, शेडवर बेदाणा पसरलेला, आणि कुठं जरा काळं दिसलं की सगळ्या तालुक्याच्या पोटात गोळा. आक्का ओट्यावर सूप घेऊन घरच्यासाठी ठेवलेल्या बेदाण्याच्या काड्या वेचत होत्या. हात सुपात, डोळे कवठ्याच्या अंगाला असलेल्या ढगावर, आणि कान माझ्याकडं.

"वर्गाला नऊ जण येतात," मी म्हणाले. "लिहायला किती लागले ते विचारू नका."

सांगायचं राहिलं. शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. घरात बसून भिंती किती न्याहाळायच्या, म्हणून वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी चार ते सहा मोठ्या माणसांचा लेखनवर्ग घेते. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही, चहा ज्याचा त्यानं आणायचा. एसटीतले निवृत्त कंडक्टर आहेत, निवृत्त तलाठी आहेत, बेदाण्याच्या पेढीवरचे दिवाणजी आहेत. एक नर्स, शिवणकाम करणाऱ्या दोघी, शेतीऔषधांच्या दुकानातला एक पोरगा, मळ्यातली एक सून, आणि एक गृहस्थ असे की ज्यांनी आजवर एक ओळ लिहिलेली नाही, पण दर रविवारी सर्वांत आधी येऊन पहिल्या बाकावर बसतात.

"मला एक कळंना," आक्का म्हणाल्या. "लिवायला शिकवायचं काय असतंय? समदी साळंत गेल्यालीच हायती की. आन् वाटेगावचं अण्णा भाऊ दीड दिवस साळंत गेलं म्हणत्यात. त्यांनी कुठं कलास लावलता?"

"लावला होता की! मुंबईत. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं ना त्यांनी, तो क्लासच. दिवसभर यंत्रापुढं उभा राहून आलेला कामगार समोर बसलाय. त्याला डुलकी लागली की लिहिणाऱ्याला निकाल जागच्या जागी कळतो. 'फकिरा' कादंबरी आली 1959 ला. तोवर हा माणूस पंधरा वर्षं लोकांच्या तोंडाकडं बघत शिकत होता."

"म्हंजी फळा नगं. आईकणारं पायजेत."

"फळेवाले पण झालेत आपल्याकडं," मी जरा मास्तरकीवर गेले. "ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. 1931 साली त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहिलं. गोष्ट कशी रचायची, माणसं कशी उभी करायची, सगळं शास्त्र त्यात मांडलेलं. लेखक व्हायचं म्हणणारी पोरं ते उशाशी घेऊन झोपायची. आणि कला कशासाठी म्हणून फडक्यांशी ज्यांचा वाद गाजला, ते खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले. तेही शिरोड्याला शाळामास्तर."

"समदी मास्तरच. तरीच."

"तरीच काय?"

"काय न्हाई. तुमी सांगा."

आक्कांचं 'काय न्हाई' आलं की समजावं, काहीतरी आहे.

खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मीही शास्त्रच मांडलं. फळ्यावर लिहिलं: सुरुवात, संघर्ष, उकल. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मग म्हटलं, आता ऋषिपंचमीचा रथोत्सव लिहून आणा. घरचाच विषय. उजव्या सोंडेचा गणपती, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं देऊळ, महाराष्ट्रात सहसा दिसत नाही असं सात मजली गोपूर, दोरखंडांनी ओढत काशीविश्वेश्वरापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा तो रथ. जन्मभर पाहिलेलं. वाटलं, पानंच्या पानं भरून येतील.

तशी ती आली. पण सगळ्यांच्या वह्यांत 'जनसागर लोटला' होता, 'अवघी तासगावनगरी दुमदुमली' होती, 'गुलालाची मुक्त उधळण' होती आणि शेवटी डोळ्यांचं पारणं फिटलेलं होतं. वर्तमानपत्राच्या कात्रणावर कार्बन ठेवून लिहिल्यासारखं. तलाठी महाशयांचा रथ 'उपरोक्त मार्गाने मार्गस्थ' झाला आणि 'जागेवर हजर असलेल्या भाविकांनी' त्याचं दर्शन घेतलं. फक्त पंचांच्या सह्या राहिल्या होत्या. दिवाणजींनी पानाच्या तळाला सवयीनं रेघ मारून शब्दांची बेरीज केली होती.

"आन् कंडक्टर?" आक्कांनी विचारलं.

"कंडक्टरांनी सहा ओळी लिहिल्या होत्या. वाचायला उठेनातच. म्हणाले, बाई, मला रथ कधी बघायलाच मिळाला नाही. नोकरीभर त्या दिवशी जादा गाड्यांवर ड्युटी. रात्री डेपोत हिशेबाला बॅग उलटी केली की नोटांचा गुलाल हाताला लागायचा. घरी गेलो की लेक हात हुंगायची आणि म्हणायची, बाबा, रथ बघितला ना तुम्ही? मी हो म्हणायचो. एवढंच लिहिलं होतं. वर मला विचारतात, हे चुकलंय का? खोडू का?"

आक्कांचा हात सुपात थांबला. "ह्ये झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "बगा, त्येनं रथ दावलाच न्हाई, तरी दिसला."

फडक्यांचं पुस्तक न वाचता आक्का हे म्हणाल्या. मला तेच सांगायला वर्गात अर्धा तास लागला होता.

आता माझी फजिती. जनसागरानं वैतागून मी दुसऱ्या रविवारी एक दाखला दिला. म्हटलं, आपण बेदाण्याच्या गावातली माणसं. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी जातं, गोडी राहते. तसंच चार पानांचं एक पान करायचं. दाखला माझा मलाच इतका आवडला की घरी येताना दोनदा म्हणून पाहिला. पुढच्या रविवारी नर्सबाईंनी एकच वाक्य आणलं, दुकानातल्या पोरानं तीन शब्द आणले, आणि शिवणकामवाल्या दोघींनी मिळून एक कोरा कागद आणला. म्हणाल्या, काढत गेलो, काय राहिलंच नाही.

आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सुपातले बेदाणे उड्या मारायला लागले.

"आवो बाई, चार किलोचा एक किलो होतोय त्ये खरं. पर आदी चार किलो पिकवाय लागत्यात न्हवं? तुमी तर येलीवरच वाळीवलंसा!"

मला उत्तर सुचलं नाही. आक्कांना मात्र सुचत गेलं.

"आन् पिकतंय तरी एका दिसात व्हय? खरड छाटणी एप्रिलात, फळछाटणी आक्टोबरात. घड दिसतोय आक्टोबर झाल्यावर, पर काडीच्या डोळ्यात तो धरतोय उन्हाळ्यात. त्या वक्ताला बागंत बघशिला तर निसता पाला. नवं माणूस म्हणंल, हितं काय बी चाललं न्हाई. आन् तवाच तर समदं चालल्यालं असतंय."

मला पहिल्या बाकावरचे गृहस्थ आठवले. गेल्याच आठवड्यात मी त्यांना 'अहो, काहीतरी लिहा हो आता' म्हणून टोचलं होतं.

"तुम्हीच का येत नाही रविवारी शिकवायला?"

"मी? मला ऱ्हस्व-दीर्घ कुठं येतंय."

हे ऱ्हस्व-दीर्घाचं भूत मोठं. लहान पोरं चुकीचं लिहितात आणि पुढं जातात. मोठी माणसं चुकू नये म्हणून लिहीतच नाहीत. आणि ते भूत अंगात घालणाऱ्यांपैकी मीही एक. मळ्यातल्या सुनेनं एकदा तिच्या पहिल्या माहेरपणाचं लिहून आणलं. पोरीचं वाक्य असं: 'मी यष्टीतनं उतरलो आन् वड्यातनं चालत गेलो.' माझ्या हातात लाल पेन. तीस वर्षांची सवय. मी केलं, 'उतरले', 'ओढ्यातून', 'गेले'. आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्यावर पुण्याकडची माणसं हसतात. म्हणून शाळेत मी पोरींचं हे आयुष्यभर खोडत आले. तिला म्हटलं, आता वाच. तिनं वाचलं आणि मधेच थांबली. म्हणाली, "बाई, ही कोण बाई हाय? ही मी न्हवं."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

आटपाडीकडच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 1949 सालीच 'माणदेशी माणसं'मधे दाखवून ठेवलंय की निवेदन साधं-शुद्ध असू द्या, पण माणसाच्या तोंडातलं बोलणं त्याच्या तोंडातच राहू द्या. मी ते पुस्तक शाळेत किती वर्षं शिकवलं असेल. धड्याखालचे प्रश्नही पाठ. पण पोरीच्या वहीवर पेन चालवताना माडगूळकर कुठं आठवले?

"आन् मी काय म्हणतो?" आक्कांनी विचारलं.

"तुम्ही 'म्हणतो'च म्हणता."

"मग? 'म्हणते' म्हणलं की कसं, पाव्हण्याच्या घरात बसल्यागत वाटतंय. पाय दुमडून."

तेवढ्यात आक्कांना काहीतरी आठवलं. सूप बाजूला ठेवून त्या भिंतीशी आल्या. आवाज खाली आला. याचा अर्थ, आतापर्यंत झाल्या त्या गप्पा आणि आता सुरू होते ती बातमी.

"ती सून यायची बंद झालीया न्हवं दोन आयतवार?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मी काय कुणाचं नाव घेत न्हाई. पर ज्येच्या दारात निळा टॅक्टर हाय, आन् ज्येची सासू दर गुरवारी औदुंबरला दर्शनाला जातीया, त्या घरात वही घावली म्हणं. दाल्ला म्हणला, घरातलं चार माणसांत मांडतीस व्हय."

बघा म्हणजे. नाव घेतलं नाही, पण ट्रॅक्टरचा रंग दिला, गुरुवार दिला, औदुंबर दिलं. आता ते घर गावातलं शेंबडं पोरही दाखवील. मी वर्गात तासभर घसा कोरडा करून सांगते, नुसतं 'एक गरीब माणूस' लिहू नका, एक खूण द्या, माणूस उभा राहतो. आक्कांच्या भिंतीवर ते शास्त्र रोज फुकट वाटलं जातं.

पण बातमी हसण्यासारखी नव्हती. पोरांच्या हातून लिहिणं सुटतं ते कंटाळ्यानं. मोठ्यांच्या हातून सुटतं ते घरातल्यांच्या धाकानं. जे लिहायचं असतं त्यात सासू असते, नवरा असतो, भाऊ असतो, वाटणी असते. लिहावं तर ती सगळी वहीत येणार आणि वही घरातच राहणार.

"औदुंबर म्हणालात म्हणून आठवलं," मी म्हणाले. "त्या पोरीची एकच इच्छा होती. औदुंबरला संक्रांतीच्या साहित्य संमेलनाला जायचं. आपलं लिहिलेलं पिशवीत घेऊन नुसतं मागं बसायचं, एवढीच. पलूस तालुका वेगळा व्हायच्या आधी औदुंबर आपल्याच तालुक्यात. 1939 पासून दर संक्रांतीला कृष्णेकाठी तिथं माणसं साहित्य ऐकायला जमतात. कवी सुधांशूंनी आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेलं."

"सुधांशू म्हंजी दत्त दिगंबरवालं?"

"तेच. 'दत्त दिगंबर दैवत माझे' लिहिणारे."

"आन् ह्या पोरीला तितं निसतं बसाय बी मिळंना."

आम्ही दोघी जरा गप्प झालो. मग मी त्यांना फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं सांगितलं. सांगायचा विचार नव्हता, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

फलटणला बेबीताईंचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. पुडी बांधायच्या आधी त्या कागद वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या. आपल्या महारवाड्यातलं जिणं, बायकांचे हाल, देवदेवस्की, सण, भूक, आंबेडकरांच्या शब्दानं माणसं कशी उठून बसली ते सगळं. पण घरात कळू दिलं नाही. नवऱ्याच्या धाकानं लिहिलेलं लपवून ठेवलं. एक-दोन नव्हे, वीस वर्षं. पुढं फलटणलाच राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन, मूळच्या अमेरिकेतल्या, अभ्यासासाठी त्यांच्याशी बोलायला आल्या, तेव्हा ते कागद बाहेर निघाले. बर्नसनबाईंनी ते छापायला लावले. 1982 साली ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि 1986 ला पुस्तक झालं, 'जिणं आमुचं'.

"आणि हे 'स्त्री' मासिक मूळचं कुठलं, सांगा? आपल्या किर्लोस्करवाडीचं. नांगर आणि पंप करणारा कारखाना, तिथंच 1920 ला शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, 1930 ला 'स्त्री', 1934 ला 'मनोहर'. पुढं बिऱ्हाड पुण्याला गेलं, पण पाळणा इथला."

आक्कांना पाळण्याशी देणंघेणं नव्हतं. त्या अजून दुकानातच होत्या.

"वीस वरीस लपवलं?"

"वीस वर्षं."

"कुटं?"

"घरातच. कुणाचा हात जाणार नाही अशा जागी."

आक्कांनी विचार केला. "तुरडाळीच्या डब्यात ठेवायचं," त्या म्हणाल्या. "गडीमाणूस तितं हात घालत न्हाई. सासू घालती, पर तिला वाचाय येत नसलं तर भ्याव न्हाई."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. हे त्या माझ्यासाठी बोलत नव्हत्या, हे मला आठवडाभरानं कळलं. पुढच्या रविवारी ती सून वर्गात आली. काही बोलली नाही, वही पुढं केली. वहीला तुरडाळीचा वास येत होता. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'मी परत आलो.' या वेळी लाल पेन मी पिशवीतून काढलंच नाही. समासात पेन्सिलीनं फक्त एक शब्द लिहिला, 'मग?'

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी आक्कांनी मोर्चा माझ्याकडं वळवला.

"आन् तुमची वही कुठल्या डब्यात हाय?"

"माझी?"

"लोकांस्नी शिकवताय. तुमी काय लिवलंय?"

मी सांगून टाकलं. ट्रंकेत एक वही आहे. तिच्यात अकरा गोष्टींच्या अकरा सुरुवाती आहेत. पहिलं वाक्य लिहिते, दुसरं लिहिते, मग पहिलं दुरुस्त करते. मग दुसरं पहिल्याला शोभेना म्हणून तेही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यामुळं झालंय असं, की माझं अक्षर दिसलं तरी हातात लालच पेन येतं.

"म्हंजी तुमची बी बाग येलीवरच वाळली."

कवठ्याच्या अंगाला गडगडलं. आक्का झटक्यात वळल्या. लेक शेडवरच होता, तरी त्यांनी फोन लावला, 'ताडपत्र्या बांधल्यासा का? दोऱ्या बगा' म्हणाल्या, आणि फोन ठेवून भिंतीवर हात टेकले. आभाळाकडं बघत बोलायला लागल्या. मला सांगत होत्या की ढगाला, कोण जाणे.

"लगीन होऊन पाचवं वरीस. आमी पयल्यांदाच बेदाणा टाकल्याला. शेड म्हंजी काय, बांबू आन् वर कागद. आन् सासूबाई आन् मी तीन वरीस बोलत न्हवतो."

"तीन वर्षं? एका घरात?"

"एका चुलीवर. मीठ पायजे आसंल तर ती पोराला सांगायची, तुज्या आईला म्हणावं मीठ दे. मी पोराला म्हणायचो, आजीला म्हणावं म्होरंच हाय. पोरगं दीड वरसाचं. त्येला काय बोलाय बी येत न्हवतं."

"पण कशावरून?"

"त्ये नंतर सांगतो." आक्कांनी हात हलवून प्रश्न बाजूला सारला. आजवर त्यांनी ते सांगितलेलं नाही, आणि मला आता वाटतं, सांगणारही नाहीत. "तर त्या रातीला गडीमाणसं समदी लग्नाला गेल्याली. आमी दोघीच रानात. मदान् रातीला वारं सुटलं. असलं सुटलं की शेडवरची ताडपत्री फाडदिशी वर. मी पळालो. एक टोक घावलं, दोनी हातांनी धरलं. दुसरं टोक निसतं फडाफडा उडतंय. वाटलं, गेलं आता. सालभराचं गेलं. आन् येकाकी ताडपत्री ताठ झाली."

"मग?"

"काय दिसंना. अंधार. मग ईज चमाकली. बगतो तर पल्याड सासूबाई. लुगड्याचा काचा मारल्याला, टोक हाताला गुंडाळून वाकून हुबी."

"मग?"

"मग गारा. ह्या येवढ्या. डोस्क्यावर, पाठीवर. हात सोडायचा न्हाई. ती बी बोलंना, मी बी बोलंना. पार पाट हुस्तोवर. आन् तांबडं फुटाय लागलं तवा ती पयल्यांदा तोंड उघडून मला म्हणली…"

"काय म्हणाल्या?"

"अगं बया, पाणी आलं!"

हे सासूबाईंचं वाक्य नव्हे. नळाला पाणी आलं होतं. आक्का घागरी उचलून आत पळाल्या. नगरपालिकेचं पाणी कुणाच्या गोष्टीसाठी थांबत नाही. मी भिंतीशी तशीच उभी. ढग सावर्ड्याकडं सरकून गेला. पाऊस आला नाही.

रात्री मी ट्रंक उघडली. वही काढली, अकरा सुरुवाती उलटून कोऱ्या पानावर आले आणि लिहीत सुटले. बाराला थांबले तेव्हा साडेतीन पानं झाली होती. मागं वळून एकही ओळ दुरुस्त केली नव्हती. नावं घातली नव्हती. 'सून' आणि 'सासू', बस्स. शेवटचं वाक्य मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी रचलं. पहाट होते. सासूचे डोळे भरून येतात. ती म्हणते, "पोरी, चुकलं गं माझं."

माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

सकाळी आक्का अंगण झाडत होत्या. मी भिंतीशी उभी राहून वाचलं. त्यांनी खराटा थांबवला नाही, पण झाडलेलंच परत झाडत होत्या, त्यावरून कळलं की ऐकतायत. शेवटच्या वाक्याला खराटा थांबला.

मला वाटलं, 'छान हाय' म्हणतील. वर्गात आम्ही तेच म्हणतो. 'छान हाय' म्हटलं की गोष्ट तिथंच संपते.

"असं म्हणली व्हय ती?" आक्का म्हणाल्या. "कवा?"

"तुम्ही सांगितलं नाहीत. पाणी आलं ना. मग मी…"

"ती मराय टेकली तरी असं म्हणली नसती. 'चुकलं' म्हणणारं डोंगर असतील, ती न्हवती."

"मग काय म्हणाल्या त्या?"

आक्कांनी खराटा भिंतीला टेकवला. दोन्ही हात पुढं धरले, जणू मुठीत अजून ताडपत्री आहे. मान वाकवली, आणि आवाज निराळाच निघाला, खरखरीत, कुणा तिसऱ्याच बाईचा.

"'तुजं टोक ढिलं झालंय. वढ.'"

तीन वर्षांनंतरचे पहिले शब्द. मी खाली बसून, मांडीवर वही ठेवून, 'पोरी, चुकलं गं माझं' यावर रेघ मारली आणि हे लिहिलं. माझ्या जन्मात मी इतक्या आनंदानं काही खोडलं नव्हतं.

"आन् मग?" मी विचारलं.

"मग काय. वढलं."

आक्का परत झाडायला लागल्या. दोन-चार हात मारून थांबल्या.

"नाव काय घातलंय तिचं?"

"नाव नाही घातलं. सासू, एवढंच. तुम्हीच म्हणता ना, कुणाचं नाव घ्यायचं नाही."

"घाला."

"अहो, पण…"

"माझं नगं. माझं शेजारीण म्हणून ऱ्हाऊ द्या. तिचं घाला." त्या भिंतीजवळ आल्या. "सासूचं नाव तोंडातनं काढायची रीत न्हवती आमची. ती असतानं कदी घेतलं न्हाई. ती गेली तवा बी कुणी घ्या म्हणलं न्हाई. आता ह्या घरात तिला नावानं वळखणारं कोण हाय? मी सोडून?"

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पदर सावरला, भिंतीवर वाकल्या, आणि बातमी सांगायच्या त्याच खालच्या आवाजात एक नाव घेतलं. दोन अक्षरी, जुन्या वळणाचं, गोड. बावीस वर्षं शेजारी राहून मी ते पहिल्यांदा ऐकलं. आक्कांनीही ते बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं, स्वतःच्या तोंडून.

ते इथं लिहीत नाही. ते गोष्टीत आहे. आणि गोष्टीची वही हल्ली ट्रंकेत नसते, एवढं सांगते. कुठल्या डब्यात असते, ते नाही सांगत.